अंतर भागिले वेग म्हणजे विमानाचा वेळ नव्हे

प्रति,
दोन शहरांमधले अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ दाखवणारी संकेतस्थळे, अ‍ॅप आणि शोधयंत्रे चालवणारे सर्वजण

स. न. वि. वि.

तुमच्या पानावर दोन शहरांची नावे टाकली की क्षणात दोन आकडे येतात. अंतर इतके किलोमीटर, विमानाला वेळ इतके तास इतकी मिनिटे. हे आकडे कुठून कुठपर्यंतचे, कोणत्या दिशेचे, कधीचे आणि कसे काढले, याबद्दल खाली एक शब्द नसतो. त्या न लिहिलेल्या शब्दांसाठी हे पत्र आहे.

उड्डाणांचे आराखडे आखणे, वेळापत्रके बांधणे आणि नकाशाचे गणित करणे हे आमचे रोजचे काम. तो आकडा कुठे फसतो हे आम्हाला ठाऊक आहे आणि तो फसला की भुर्दंड कोणाला पडतो हेही. ढोबळ माहिती आहे, चालायचेच, असे म्हणून आजवर याकडे काणाडोळा होत आला. पण आता तोच आकडा सहलीच्या पत्रकात, तिकिटांच्या अ‍ॅपमध्ये आणि प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या यंत्रांच्या तोंडी जातो. प्रत्येक वेळी उतरवून घेताना त्यातला ‘अंदाजे’ गळून पडतो आणि शेवटी माणसाच्या हाती पडते ती पक्की वाटणारी चूक. म्हणून उघडपणे लिहीत आहोत.

आधी एक हिशेब बघा. फुप्फुसाच्या आजारामुळे काही प्रवाशांना बॅटरीवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र बरोबर न्यावे लागते. अमेरिकेच्या नियमांनुसार विमानकंपनी अशा प्रवाशाला सांगू शकते की, प्रवासाच्या अपेक्षित कमाल वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या भरलेल्या बॅटऱ्या जवळ हव्यात. हा वेळ निघण्याच्या गेटपासून पोचण्याच्या गेटपर्यंतचा, विमान जमिनीवर रांगते ती मिनिटे धरून. आता लंडन ते न्यूयॉर्क घ्या. विमानतळ ते विमानतळ सुमारे ५,५४० किलोमीटर. तुमच्यापैकी अनेकांचे सूत्र असे की ताशी ९०० ने भागायचे आणि अर्धा तास मिळवायचा. उत्तर येते ६ तास ३९ मिनिटे. त्याची दीडपट म्हणजे जवळजवळ १० तास. प्रत्यक्षात लंडनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाचे वेळापत्रक आठ तासांच्या आसपासचे असते, म्हणजे बॅटऱ्या हव्यात १२ तासांच्या. दोन तासांची तूट. ती तपासणीच्या काउंटरवर लक्षात आली तर त्या माणसाचा प्रवास तिथेच थांबतो. समुद्रावर लक्षात आली तर काय होते, ते लिहायची गरज नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोस, एकट्याने जाणाऱ्या मुलाला घ्यायला येणारा नातेवाईक, पुढचे विमान पकडायला हाती राहणारी दीड तासाची फट, हे सगळे त्याच आकड्यावर टेकलेले असते. आमचे म्हणणे एवढेच की ज्यावर माणसे टेकतात ते भक्कम हवे, आणि भक्कम नसेल तर तसे लिहिलेले हवे.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली तक्रार शहराच्या व्याख्येबद्दल. विमान शहरातून उडत नाही, विमानतळावरून उडते. तुमचे अंतर बहुधा शहराच्या मध्यबिंदूपासून मोजलेले असते. टोकियोसाठी हानेडा धरला तर तो शहराला लागूनच आहे, नारिता धरला तर मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर लांब. फ्रँकफर्टचे नाव लावणारा हान विमानतळ त्या शहरापासून १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. काही ठिकाणी तर विमानतळच नाही. अँडोरा देशात एकही नाही, तरी अँडोरा ला वेल्ला टाकले की ‘विमानाचा वेळ’ येतोच. असे उत्तर द्यायचे तर जवळचा विमानतळ कोणता आणि तिथून पुढे रस्त्याने किती, हे सांगावे. नाहीतर उत्तर देऊ नये.

याच तक्रारीत नावांचा घोळ येतो. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कोस्टा रिकाची राजधानी आहे आणि कॅलिफोर्नियातले शहरही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामात, हैदराबाद भारतात आणि पाकिस्तानात. देशाचे नाव न विचारता तुम्ही जे मोठे शहर सापडेल ते उचलता. त्याहून वाईट चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश ऋण लिहायचा असतो. ते ऋणचिन्ह डेटा भरताना गळाले की ७४ अंश पश्चिमेचे न्यूयॉर्क ७४ अंश पूर्वेला, थेट किर्गिझस्तानच्या डोंगरांत जाऊन बसते, आणि तुमचे गणित निमूटपणे तिथपर्यंतचे अंतर काढून देते. दोन बिंदू खरोखर त्या त्या देशाच्या हद्दीत पडतात का, एवढी एक तपासणी घातली तर ही चूक कधीच पानावर येणार नाही.

दुसरी तक्रार त्या सूत्राची. ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटरने भागा आणि अर्धा तास मिळवा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा आहे. अंतर २.७ किलोमीटर. वेळापत्रकात दोन मिनिटे, वारा साथीला असला तर मिनिटभराच्या आतही विमान पोचते. सूत्राप्रमाणे तिथे अर्धा तास लागतो. दुसऱ्या टोकाला सिंगापूर–न्यूयॉर्क, सुमारे १५,३०० किलोमीटर. ९०० ने भागून अर्धा तास मिळवला की साडेसतरा तास येतात, वेळापत्रकात साडेअठराच्या पुढे असतात. एकच सूत्र एका टोकाला पंधरापट फुगते आणि दुसऱ्या टोकाला तासभर आखडते.

असे का होते ते सांगतो, कारण दुरुस्ती तिथेच करायची आहे. ताशी ९०० हा वेग विमान फक्त उंचीवर स्थिरावल्यावर गाठते. ३६,००० फुटांपर्यंत चढायला साधारण वीस-पंचवीस मिनिटे जातात. दहा हजार फुटांखाली अनेक देशांत वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, आहे. उतरताना वैमानिकांचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. ३६,००० फुटांवरून उतरायचे तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधीच उतरण लागते. चारशे किलोमीटरच्या प्रवासात विमान चढते आणि लगेच उतरू लागते, वरचा सपाट टप्पा जवळजवळ उरतच नाही. तिथे ‘सरासरी वेग ९००’ या शब्दांना काही अर्थ नाही.

शिवाय सगळी विमाने एका वेगाने जात नाहीत. त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात ठरतो, आणि त्या उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६२ किलोमीटर असतो. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ ही विमाने साधारण ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने जातात, म्हणजे ताशी ८२८. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० साधारण ०.८५ पट वेगाने, म्हणजे ताशी ९०३. सहा हजार किलोमीटरला या दोहोंत ३६ मिनिटांचा फरक पडतो. पंख्याचे एटीआर ७२ तर ताशी ५०० च्या घरात. मार्गावर कोणते विमान लागते ही माहिती प्रत्येक वेळापत्रकात असते, ती वाचायची एवढेच.

तिसरी तक्रार : कोणता वेळ? विमानाच्या प्रत्येक फेरीचे चार क्षण नोंदले जातात. गेटवरून हलले, चाके जमिनीवरून सुटली, चाके टेकली, गेटला लागले. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मोजला तर तो ब्लॉक टाइम. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजला तर हवेतला वेळ. तिकिटावर ब्लॉक टाइम असतो. तुमच्या पानावर सूत्राने काढलेला हवेतला वेळ असतो आणि प्रवासी त्याची तुलना तिकिटाशी करतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळाची पोल्डरबान नावाची धावपट्टी इमारतीपासून इतकी लांब आहे की उतरल्यावर गेटला लागायला पंधरा मिनिटांच्या आसपास जाऊ शकतात. लंडनच्या हीथ्रोवर येणारी विमाने गर्दीच्या वेळी चार ठरावीक जागांवर एकावर एक थर लावून घिरट्या घालतात आणि एकेक करून खाली सोडली जातात. ही मिनिटे हवेत किंवा जमिनीवर खरोखर जातात, सूत्रात मात्र त्यांना जागा नाही.

ब्लॉक टाइमही जसाच्या तसा प्रमाण धरू नये. विमानकंपन्या त्यात हात राखून मिनिटे घालतात, कारण वक्तशीरपणा वेळापत्रकावरून मोजला जातो. अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत गेटला लागलेले विमान वेळेवर आले असे धरतात. त्यामुळे नेमके उत्तर हवे असेल तर वेळापत्रक आणि प्रत्यक्षात गेलेला वेळ, दोन्ही शेजारी शेजारी दाखवायला हवेत.

चौथी तक्रार वाऱ्याची, आणि ती आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. जाताना आणि येताना तुम्ही एकच वेळ दाखवता. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेटस्ट्रीम ही वेगवान वाऱ्याची धार वाहते, नेमकी विमाने उडतात त्या उंचीवर. हिवाळ्यात तिचा जोर वाढतो. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला साधारण आठ तास आणि परत येताना सात तास. टोकियोहून लॉस एंजेलिसला हिवाळ्यात दहा तासांच्या आत-बाहेर, उलट येताना बाराच्या जवळ. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून निघालेले एक बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला उतरले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. हवेच्या हिशेबाने मात्र ते नेहमीच्याच वेगाने चालले होते. बाकीचा सगळा हात वाऱ्याचा.

यावर तुमच्याकडून एक उत्तर येते : जाताना जे गमावले ते येताना मिळते, सरासरी तीच. हे चूक आहे, आणि शाळेतल्या गणिताने दाखवता येते. ५,५४० किलोमीटर, हवेतला वेग ताशी ८८०, वारा ताशी १००. वारा मागून असताना वेग ९८०, वेळ ५ तास ३९ मिनिटे. वारा समोरून असताना वेग ७८०, वेळ ७ तास ६ मिनिटे. बेरीज १२ तास ४५ मिनिटे. वाराच नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास ३५ मिनिटे. म्हणजे जाऊन-येऊन दहा मिनिटे जास्तच लागतात, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते आणि मागच्या वाऱ्यात कमी वेळ. वारा कधी फिटत नाही. आणि एका फेरीच्या प्रवाशाला सरासरीचा उपयोग तरी काय? त्याला आज, या दिशेने जायचे असते.

वाऱ्यामुळे वाटही बदलते. उत्तर अटलांटिकवर विमानांचे मार्ग कायमचे आखलेले नाहीत. शॅनविक आणि गँडर ही नियंत्रण केंद्रे त्या दिवसाचा वारा बघून दिवसातून दोनदा नवे मार्ग जाहीर करतात, एकदा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, एकदा पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी. कधी शंभर-दोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन विमान लवकर पोचते, कारण त्या वळशावर वारा साथीला असतो. तुमच्या पानावर ‘सर्वांत कमी अंतर’ आणि ‘सर्वांत कमी वेळ’ हे एकच धरले जाते. आमच्या कामात ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे बहुतेक दिवशी वेगळी येतात.

पाचवी तक्रार वाटेची. पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट महावर्तुळाची असते. नकाशा सपाट केला की ती वाकडी दिसते. काही संकेतस्थळे सपाट नकाशावर सरळ रेघ ओढतात, त्यामुळे टोकियो–न्यूयॉर्क प्रवास प्रशांत महासागराच्या मध्यावरून होतो असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात महावर्तुळ अलास्कावरून जाते आणि सुमारे १०,९०० किलोमीटरचे आहे. अक्षांशाला धरून सरळ पूर्वेकडे गेले तर जवळपास दोन हजार किलोमीटर जास्त पडतील. निदान रेघ तरी बरोबर ओढा.

पण महावर्तुळावरूनही विमान तंतोतंत जात नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना प्रदूषणाचा हिशेब करताना स्वतःच महावर्तुळाच्या अंतरात भर घालते : ५५० किलोमीटरखाली ५०, त्यापुढे ५,५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांब असेल तर १२५ किलोमीटर. ही नेहमीच्या वळणांची भर झाली. मोठे वळसे निराळे. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांचा होता, तो तेराच्या आसपास गेला. काही विमाने उत्तर ध्रुवाकडून जाऊ लागली, काही दक्षिणेकडून. शहरे जागच्या जागी होती, महावर्तुळाचे अंतर तसूभर बदलले नव्हते, म्हणून तुमचे आकडेही बदलले नाहीत. चिनी कंपन्यांना मात्र ती बंदी नव्हती. म्हणजे युरोप आणि चीनमधल्या एकाच जोडीसाठी कोणत्या कंपनीचे तिकीट काढले यावर वेळ ठरू लागला. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून फिरून जावे लागत होते. त्या साडेचार महिन्यांत महावर्तुळ भागिले वेग हे उत्तर देणारे प्रत्येक पान चुकीचे होते.

आकाश उघडे असूनही काही वाटा टाळाव्या लागतात. तिबेटच्या पठारावरून फार थोडी प्रवासी विमाने जातात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत उतरावे लागते. प्रवाशांच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा मिनिटांच्या आसपास पुरतो. आणि त्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे १४,००० फुटांहून उंच आहे. उतरायचे कुठे? समुद्रावर दुसरा नियम लागतो : दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत असावा लागतो. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० ची परवानगी मिळू लागली, पुढे १८०, आणि आता काही विमानांना याहून पुष्कळ जास्त आहे. दक्षिण गोलार्धातल्या लांब सागरी मार्गांवर ही मर्यादा वाट ठरवते. त्यामुळे सरळ रेघ दिसते तशी उडता येईलच असे नाही.

सहावी तक्रार घड्याळाची. काही ठिकाणी पोचण्याच्या स्थानिक वेळेतून निघण्याची स्थानिक वेळ वजा करून ‘प्रवासाचा वेळ’ काढलेला आढळतो. टोकियोहून संध्याकाळी पाचला निघालेले विमान हिवाळ्यात दहा तासांनी लॉस एंजेलिसला उतरते तेव्हा तिथे त्याच दिवसाचे सकाळचे दहा वाजलेले असतात. वजाबाकी उणे सात तास. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणायच्या आणि मगच वजा करायच्या, याला दुसरा मार्ग नाही. त्यातही उन्हाळी वेळेचा सापळा असतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. मेक्सिकोने बहुतेक भागांत २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. ज्यांनी प्रमाणवेळांची यादी ताजी केलेली नाही त्यांच्या पानावर कैरो उन्हाळ्यात अजून तासाने चुकते.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. लंडन–सिडनी सुमारे १७,००० किलोमीटर. तुमच्या पानावर तिथे वीस तासांच्या आसपासचे एकसंध उड्डाण दिसते, पण हे पत्र लिहिताना त्या मार्गावर न थांबता जाणारी नियमित सेवा नाही. थांब्यासह बावीस-चोवीस तास धरावे लागतात. ‘डायरेक्ट’ हा शब्द तुम्ही न थांबणाऱ्या विमानासाठी वापरता. विमानकंपन्यांच्या भाषेत त्याचा अर्थ एकाच क्रमांकाचे उड्डाण एवढाच असतो, ते मध्ये उतरूही शकते. नुसते ‘मैल’ लिहू नका. सागरी मैल १,८५२ मीटरचा, जमिनीवरचा १,६०९ मीटरचा, फरक पंधरा टक्क्यांचा. अंतर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत छापू नका. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा पूर्ण गोल धरून केलेले गणित अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकते, म्हणजे दहा हजार किलोमीटरला पन्नास. तिथे पुढच्या दहा मीटरांची खातरी कोण देणार? आणि ‘प्रवासाचे अंतर’ या मथळ्याखाली हवाई अंतर देऊ नका. पेरूतल्या इक्विटोसला बाहेरच्या जगातून रस्ताच जात नाही, अलास्काची राजधानी जूनो हिलाही नाही.

भरपाईबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार रद्द झालेल्या किंवा फार उशिरा पोचलेल्या उड्डाणाची भरपाई अंतरावर ठरते. टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटरचे आहेत, आणि अंतर महावर्तुळाने मोजायचे असे नियमातच लिहिले आहे. मध्ये विमान बदलले तरी पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचेच अंतर धरायचे, टप्प्यांची बेरीज नव्हे, असे तिथल्या न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. काही पाने टप्प्यांची बेरीज दाखवतात, काही शहरांच्या मध्यापासून मोजतात. टप्प्याच्या काठावरचा प्रवासी ते बघून चुकीचा दावा करतो, किंवा हक्काचा दावा सोडून देतो.

आमच्या मागण्या अशा.

अंतराशेजारी ते कोणत्या विमानतळापासून कोणत्या विमानतळापर्यंतचे आहे हे तीन अक्षरी कोडसह लिहा. शहराला अनेक विमानतळ असतील तर निवडू द्या. नावे सारखी असतील तर देश विचारा.

वेळ सूत्राने काढला असेल तर ‘उड्डाणाचा वेळ’ हे शब्द वापरू नका.

ज्या मार्गावर नियमित सेवा आहे तिथे वेळापत्रकातला ब्लॉक टाइम द्या, जातानाचा वेगळा आणि येतानाचा वेगळा. विमानांचा माग ठेवणारा डेटा आता उपलब्ध आहे. मागच्या तीस दिवसांत प्रत्यक्षात किती वेळ गेला त्याचा मधला आकडा आणि दहातली नऊ विमाने ज्या वेळेच्या आत पोचली तो आकडा, हे दोन्ही दाखवा. ऑक्सिजनच्या बॅटऱ्या मोजणाऱ्याला दुसरा आकडा लागतो, पहिला नव्हे.

सेवा नसेल तर ‘या मार्गावर न थांबणारे विमान नाही’ असे सर्वांत वर लिहा, आणि थांब्यासहचा खरा वेळ द्या.

आकाश बंद असल्यामुळे वळसा पडत असेल तर तशी सूचना आणि तिची तारीख द्या. प्रत्येक आकड्याखाली तो शेवटचा कधी तपासला ती तारीख असावी.

चूक कळवण्याची जागा प्रत्येक पानावर हवी, आणि कळवलेल्या चुकीचे पुढे काय झाले हे कळवणाऱ्याला समजले पाहिजे.

विमानतळांची नावे, दिशेची नोंद आणि तारीख यांसाठी तुम्हाला नवा डेटा घ्यावा लागणार नाही. हे एका महिन्यात व्हावे. ब्लॉक टाइम आणि प्रत्यक्ष वेळ यांना अधिक काम लागेल हे आम्ही जाणतो. विमानकंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. येत्या बदलापासून नवे आकडे दिसावेत. तोपर्यंत सध्याच्या आकड्यापुढे हे एक वाक्य घाला : ‘वारा नाही आणि वाट सरळ आहे असे धरून काढलेला हवेतला अंदाज. तिकिटावरचा वेळ यापेक्षा जास्त असू शकतो. औषध, ऑक्सिजन किंवा पुढचे विमान यांचा हिशेब यावर करू नये.’

आपले,
उड्डाणांचे आराखडे, वेळापत्रके आणि नकाशे यांवर काम करणारे काही जण